दिपाचा कोरा रकाना

शनिवार, २६ नोव्हेंबर १९८८

ही वही रमाने आणून दिली. म्हणाली, "नोकरी सुटल्यापासून दिवसभर मला ऐकवत असता, त्यापेक्षा यात लिहा." ठीक आहे. लिहितो.

आज पनवेलच्या शाळेत माझा पहिला वर्ग झाला. मी एकोणीस वर्षं कारखान्यात काढली, त्यातली शेवटची अकरा तळोज्याला शिफ्ट सुपरवायझर म्हणून. जूनमध्ये आमचा प्लांट बंद झाला आणि बावन्नाव्या वर्षी हा कृष्णकांत घरी बसला. शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई आमच्याच आळीतल्या. त्यांना म्हटलं, तुमच्या नववीच्या मुलांना बीजगणित येतं, पण पुढच्या महिन्यात काय करायचं ठरवलंय विचारा, सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतील. ठरवणं आणि ठरवलेलं तडीस नेणं हेसुद्धा शिकवावं लागतं. बाई म्हणाल्या, मग शिकवा. शनिवारी सकाळची शाळा सुटली की एक तास, मुलं बारा. वर्षअखेर काही दिसलं तर वर्ग पुढे चालू, नाहीतर राम राम.

पद्धत माझी स्वतःची आहे. प्रत्येकाने एकच ध्येय घ्यायचं, स्वतःचं, घरच्यांनी पढवलेलं नाही. त्याचे तुकडे पाडायचे आणि आठवड्याला एक तुकडा संपवायचा. फळ्यावर चार रकाने: नाव, ध्येय, तारीख, कुठवर. आणि यातली खरी मेख म्हणजे वर्ग सुरू होताच एकेकाने उभं राहायचं, मी खणखणीत आवाजात विचारणार, "कुठे निघालास?" आणि त्याने तितक्याच खणखणीत आवाजात सांगायचं. कारखान्यात शिफ्ट सुरू होताना टार्गेट असंच बोलायला लावायचो. चारचौघांत बोललेलं माणूस करतोच.

किराणा दुकानवाल्यांचा हितेश: सायकलवरून पाय न टेकता कर्नाळ्यापर्यंत. निशा: न अडखळता पाच मिनिटं भाषण. प्रदीप: नखं खाणं बंद. छान झालं. शेवटी राहिली दिपा. खाडीपलीकडच्या खारवलीची, आगऱ्यांची मुलगी. "कुठे निघालीस?" गप्प. पुन्हा विचारलं. अंगठ्याने फरशी उकरत उभी. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिच्याच गावची सुनिता मागून म्हणाली, "सर, नका ना इचारू तिला असं." मी सुनिताला खाली बसवलं आणि दिपाच्या नावापुढे आडवी रेघ मारली.

नंतर बाईंनी सांगितलं ते काळजीचं आहे. खारवलीत शाळा चौथीपर्यंतच. पुढच्या पाच मुली दाजी नावाच्या म्हाताऱ्याच्या होडीतून रोज खाडी ओलांडून येतात. दाजीची नजर गेली, संक्रांतीला तो वल्हं ठेवणार. त्याचे मुलगे कंपन्यांत लागले, त्यांना होडीत रस नाही. रस्त्याने वळसा घालून बारा किलोमीटर, एसटी नाही. "होडी थांबली की पाचही जणींची शाळा संपली," बाई म्हणाल्या. "म्हणून दिपाला तुमच्या वर्गात घातली. डोकं आहे तिला."

डोकं असेल. ध्येय नाही.

शनिवार, ३ डिसेंबर

निघताना रमा नेहमीप्रमाणे म्हणाली, "येताना कोथिंबीर आणा." घरात कोथिंबिरीची जुडी होती, मी स्वतः पाहिली. बायकांचं काही कळत नाही.

वर्ग जोरात. हितेश पळस्प्यापर्यंत जाऊन आला. दिपाचा रकाना कोरा. मात्र तास संपल्यावर थांबली आणि म्हणाली, "सर, काम मोठं असलं तं तुकडे करायचे म्हनलाव. पन सगळ्यात कठीन तुकडा मदीच असला तं?" मी सांगितलं, मधला शेवटी घ्यायचा. आधी अलीकडचा काठ पक्का कर, मग पलीकडचा, मग मधला भाग. कारखान्यात रिअॅक्टर, म्हणजे रसायनाची मोठी टाकी, साफ करताना आम्ही असंच करायचो. तिने ते वहीत लिहून घेतलं. ध्येय नसलेल्या मुलीने कशाला लिहून घ्यावं कोण जाणे, पण उत्तर माझं झकास होतं.

शनिवार, १० डिसेंबर

दिपाच्या दोन्ही तळहातांना फडकी बांधलेली. विचारलं तर "काय नाय सर." मी समजलो. बाप मिठागरात काम करतो, पोरीला जुंपलं असणार. पंधरा वर्षांच्या मुलीच्या हाताला असे फोड! अशा बापांना कारखान्यात मी एका दिवसात सरळ केलं असतं.

आज तिने वेगळंच विचारलं. "रोज पाऊन तास उशीर होत गेला तं किती दिवसांनी परत पयल्या वेळंवर येल?" मी म्हटलं, आधी रोज पाऊण तास उशीर करणं सोड! वेळ पाळणं हा ध्येयाचा पाया आहे. ती हसली. मग अठ्ठेचाळीस मिनिटं धरून गणित घालून दिलं तर फळ्याला हात न लावता तोंडी सांगितलं, "पंधरा दिवसांनी घड्याळ तिथंच." बरोबर. गणितात सहामाहीला एकोणतीस मार्क मिळवलेल्या मुलीने! माझ्या वर्गाचा परिणाम दिसू लागला आहे.

शनिवार, ३१ डिसेंबर

हितेश कर्नाळ्यापर्यंत पाय न टेकता पोचला. प्रदीप साक्षीदार म्हणून मागे दुसऱ्या सायकलवर होता. फळ्यावर हितेशच्या नावाभोवती रंगीत खडूने महिरप काढली, सर्वांनी टाळ्या वाजवल्या. ऊर भरून आला. एकोणीस वर्षांत लाखो किलो माल बाहेर काढला, पण कुठल्या पिंपाने असं तोंडभर हसून पाहिलं नव्हतं.

दिपाला शेवटची ताकीद दिली. जानेवारीअखेर रकाना भरला नाही तर वर्गातून नाव कमी. रमाला सांगितलं तर म्हणाली, "तिला सगळ्यांसमोर 'कुठे' विचारता?" म्हटलं, मग काय कानात विचारू? ती पोळ्या लाटत राहिली.

सोमवार, १६ जानेवारी १९८९

संक्रांत झाली. दाजीने वल्हं ठेवलं. मी मुद्दाम अकराला शाळेच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो, आता त्या पाच जणींच्या जागा रिकाम्या दिसणार म्हणून. पाचही आल्या. पायाला चिखल, फ्रॉकचे घोळ ओले.

"कोणी आणलं?"

"आलो, सर," सुनिता म्हणाली आणि पाचही जणी खाली बघून हसल्या.

कोणाचा तरी काका-मामा असेल. चांगलं झालं.

गुरुवार, १९ जानेवारी

हे आजच लिहितो.

सकाळी साडेनऊला बंदराकडे सहज चक्कर मारली. भरतीचं पाणी धक्क्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत. समोरून होडी येत होती. चार मुली बसलेल्या आणि उभी राहून वल्हवणारी पाचवी. दिपा! ओढणी कमरेला घट्ट बांधलेली, दात ओठावर, आणि होडी आपली सरळ रेषेत धक्क्याकडे. प्रवाह उजवीकडे ओढत होता, तर तिने होडीचं तोंड आधीच डावीकडे धरलेलं. धक्क्याला लागताना टक्करसुद्धा नाही. चौघी पायऱ्या चढल्या, तिने दोर खुंटाला अडकवला आणि वर बघते तर मी.

डोळ्यांत पाणी आलं हे लिहायला हरकत नाही, ही वही कोण वाचणार आहे? त्या हातांना बांधलेली फडकी, भरती रोज उशिरा येते तो पाऊण तास, तो मधला तुकडा. आणि मी तिला ध्येयशून्य म्हणत होतो. माझ्या बारा जणांत सर्वांत मोठं ध्येय हिचंच, आणि गाजावाजा न करता तडीस नेलं ते.

मी म्हटलं, "दिपा, फळ्यावर तुझं नाव सगळ्यांच्या वर लिहिणार आहे मी."

तिचा चेहरा उतरला. "नका लिवू, सर. कोनाला बोलू नका. पानी हाय ते."

केवढा विनय! या वयात इतका विनय बरा नव्हे, तो मोडायला हवा.

गुरुवार, २६ जानेवारी

झेंडावंदन. बाईंनी मला दोन मिनिटं बोलायला दिली होती, मी दहा बोललो. समोर सगळी शाळा, पालक, नगरपालिकेचे पाहुणे, आसपासच्या गावांतले पंच. कर्ण्यावरून सांगितलं: खारवलीची दिपा, वय पंधरा, महिन्याभरात होडी वल्हवायला शिकली, चार मैत्रिणींना रोज शाळेत आणते, वर्षअखेरपर्यंत एकही दिवस चुकू न देता आणणार! असा तिचा संकल्प आहे! मैदान टाळ्यांनी दणाणलं. पाहुण्यांनी उठून माझा हात हातात घेतला. खारवलीचे दोन पंच पहिल्या रांगेत होते. तेही टाळ्या वाजवत होते, जरा सावकाश.

दिपाला पुढे बोलावलं तर आली नाही. गुडघ्यांत डोकं घालून बसली. लाजली.

नोकरी गेल्यापासून इतकं बरं वाटलं नव्हतं.

शुक्रवार, २७ जानेवारी

पाचही गैरहजर.

शनिवार, २८ जानेवारी

आजही नाहीत. वर्ग घेतला पण लक्ष लागलं नाही. दुपारी बाजारात खारवलीचा एक मासळीवाला भेटला, त्याच्याकडून कळलं.

काल सकाळी मुली निघाल्या तेव्हा धक्क्यावर अर्धं गाव जमलं होतं. पंचांनी घरोघरी सांगितलेलं. जो तो विचारतोय, "कुटं चाललीस दिपे? एक दिस पन चुकनार नायस ना?" कोणी कौतुकाने, कोणी चिडवून. त्यात बराच वेळ मोडला. काल पाणी सकाळीच उतरत होतं, हे तिला ठाऊक होतं, आठला निघायचं ठरवलेलं. निघाली नऊ वाजून गेल्यावर. खाडीच्या मध्यावर पाणी संपलं आणि होडी चिखलात रुतली. दोन तास पाच जणी उन्हात. सुनिता उतरायला गेली ती कमरेपर्यंत रुतली, गावातल्या दोघांनी चिखलावर फळ्या टाकून ओढून काढली. दप्तरं गेली. संध्याकाळी दिपाच्या बापाने, दत्ताने, होडीला साखळी घातली. पाचही घरांनी शाळा बंद केली. आणि गाव म्हणतं, मास्तरांनी नाट लावली.

मी संतापून घरी आलो. म्हटलं, ऐकलंस, माझी नाट! पाणी ओहोटीने गेलं, माझ्यामुळे गेलं काय?

रमा तांदूळ निवडत होती. म्हणाली, "घराबाहेर पडणाऱ्याला 'कुठे' विचारू नये. आमच्या कोकणात कोणी विचारत नाही. पाण्यावर जाणाऱ्याला तर नाहीच. तुम्ही तर कर्ण्यावरून विचारलंत."

"हा वेडेपणा आहे."

"असेल. पण तुम्ही ते गाजवलं नसतंत, तर धक्क्यावर गर्दी झाली असती का?"

मग तिने आणखी एक सांगितलं. सव्वीस वर्षांत मी दाराबाहेर पडताना तिने एकदाही कुठे निघालात म्हणून विचारलेलं नाही. विचारावंसं वाटलं की कोथिंबीर सांगते. नोकरी सुटल्यावर मी सकाळी उठून कुठे जात होतो हे तिला रोज जाणून घ्यायचं होतं, तरी रोज कोथिंबीरच सांगितली.

मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. पाच मुलींची शाळा माझ्या दहा मिनिटांच्या भाषणाने बंद पाडली. हे लिहायला मला अर्धा तास लागला.

रविवार, २९ जानेवारी

सकाळी सायकलवर खारवलीला गेलो. निघताना रमा म्हणाली, "येताना…" आणि थांबली. मग म्हणाली, "सावकाश या." शेवटचे चार किलोमीटर मिठागरांच्या बांधावरून सायकल हातात धरून. दुपार झाली.

दत्ता ओटीवर बसला होता. माझ्याच वयाचा असेल, मिठाने पाय फुटलेले. दिपाची आई गोदू दारात. दाजी म्हाताराही तिथेच, डोळ्यांवर हात धरून माझ्याकडे बघत. दिपा आतून पाणी घेऊन आली आणि पेला ठेवून आत गेली. तिच्या पाठीमागे धाकटी बहीण जिजा.

माफी मागायला गेलो होतो, पण स्वभाव! पहिल्या पाच मिनिटांत मी ओहोटीचं शास्त्र सांगू लागलो. चंद्र, गुरुत्वाकर्षण, आणि नाट म्हणजे अंधश्रद्धा कशी. दत्ता शांतपणे ऐकत होता. गोदूने विचारलं, "मास्तर, तुमच्या कारखान्यात नवीन बॉयलर बशिवला का नारल फोडीत होतंव का नाय?"

फोडत होतो. मीच फोडायचो. सांगितलं तसं. दाजी खोकत खोकत हसला आणि मलाही हसू आलं. मग मात्र शास्त्र संपलं. म्हटलं, "दत्ताभाऊ, माझं चुकलं. तिने सांगितलं होतं बोलू नका. मी ऐकलं नाही. मला स्वतःचा मोठेपणा मिरवायचा होता."

दत्ता म्हणाला, "मास्तर, पोर वल्हं मारते ते आमाला म्हायती नवतं का? सगल्या गावाला म्हायती व्हतं. ह्यो दाजी रोज धक्क्यावर बसून नुसत्या कानांनी तिचं वल्हं आयकत व्हता, कुटं चुकतंय ते सांगत व्हता. पन कोन बोलत नवता. कोन बोलला नाय म्हून कोनाला नाय पन म्हनायला लागलं नाय. तुमी भोंग्यावरून बोललाव. आता पंच मला इचारतात, पोरीला होडीवर धाडतोस? मी काय सांगू?"

इतकं स्वच्छ मला आजवर कोणी समजावलं नव्हतं. एकोणीस वर्षं मी माणसांना बोलायला लावलं. न बोलण्यामुळे चालू राहणारी कामं किती असतील, याचा विचारच केला नाही.

म्हटलं, "काय करू सांगा."

उत्तर दिलं ते दाजीने. "तुमाला पवता येतं?"

"नाही."

"मंग चार वाजंला पानी चरंल. पोर तुमाला पनवेलला सोडंल. साळंचं मास्तर, पवता येत नाय, तरी पोरीच्या होडीत बसलं, म्हंजे पंचांना दत्ता काय तरी सांगंल. बसाल?"

चारपर्यंत थांबलो. गोदूने तांदळाची भाकरी आणि सुकट वाढली. साखळी काढली ती दत्तानेच, काही न बोलता. धक्क्यावर माणसं होती, पण आज कोणी चकार शब्द काढला नाही. मी सायकलसकट होडीत बसलो. होडी हलली की काठ घट्ट धरत होतो. दिपाने एकदा बघितलं आणि म्हणाली, "सर, मदी बसा. आनि बोलू नका."

बोललो नाही. बघत राहिलो. तिवरांच्या शेवटच्या झाडापर्यंत ती हळू गेली. मग मातीत रोवलेला एक जुना खुंट आला, तिथून वल्ह्याचा वेग बदलला. मध्यावर प्रवाहाने होडी धरली, तिथे तिने उजव्या हाताने पाच फटके मारले, डाव्याने दोन, परत पाच. मग दुसरा खुंट. मग धक्का. आणि मला उमगलं. अलीकडचा काठ, पलीकडचा काठ, शेवटी मधला भाग. तीन डिसेंबरला मी रिअॅक्टरचा तुकडा सांगितला होता, तो तिने जसाच्या तसा खाडीवर बसवला होता. माझ्या वर्गात माझं बोलणं पूर्ण ऐकलं ते एकट्या हिनेच, आणि तिच्या नावापुढे मी दोन महिने आडव्या रेघा मारत होतो.

धक्क्यावर उतरलो. सायकल तिनेच वर दिली. ती एकटी परत निघाली. पलीकडच्या काठावर दत्ता उभा दिसत होता. होडी तिकडे लागली तेव्हा त्याने वाकून दोर धरला. तोवर मी तिथून हललो नाही.

सोमवार, ३० जानेवारी

पाचही आल्या. होडीत सहावा माणूस दत्ता. मध्यभागी मांडी घालून, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला होता. वल्ह्याला त्याने हात लावला नाही. धक्क्यावरच्या लोकांना दिसेल अशा बेताने तो सगळ्यांत शेवटी उतरला, माझ्याकडे बघून मान हलवली आणि बाजाराकडे गेला. आठवडाभर तो येणार आहे म्हणे.

शनिवार, ४ फेब्रुवारी

फळा पुसला. आता प्रत्येकाची वही, आणि ती माझ्यासकट कोणी उघडायची नाही. ज्याला बोलून जोर येतो त्याने बोलावं, ज्याला न बोलता येतो त्याने गप्प राहावं. हितेश बोलणाऱ्यांतला, त्याने लगेच लोणावळा जाहीर केला. प्रदीप हळूच म्हणाला, "सर, मी नखं खाणं कधीच सोडलं नव्हतं. तुम्ही विचारायचात म्हणून सोडलं सांगायचो." आणखी दोघांनीही माना डोलावल्या, त्यांचंही तसंच होतं.

कपाळावर हात मारून घेतला. मग म्हटलं, प्रदीप, खरं बोललास, आज इथून सुरू कर. आज त्याच्या पाठीवर थाप मारताना मला हितेशच्या महिरपीपेक्षा जास्त आनंद झाला.

शनिवार, १८ मार्च

दिपाने परीक्षेचं वेळापत्रक आणि खाडीच्या पाण्याचं वेळापत्रक एकाच कागदावर मांडून आणलं. दहा एप्रिलला पहिला पेपर अकराला, पण त्या दिवशी नवाच्या सुमारास खाडीत चिखल. म्हणजे सातच्या आत होडी लागली पाहिजे. "मंग चार तास काय करायचं?" सुनिताने विचारलं. दिपा म्हणाली, "गनित."

बाईंनी वर्गाची किल्ली माझ्याकडे दिली.

सोमवार, १० एप्रिल

पावणेसातला धक्क्यावर होतो. होडी सहा चाळीसलाच लागली होती, पाचही जणी पायऱ्यांवर पुस्तकं उघडून बसलेल्या. रमाने दिलेले पोहे त्यांना दिले. साडेदहापर्यंत वर्गात बसलो. मला बीजगणित फारसं आठवत नाही, त्यामुळे दिपाच चौघींना शिकवत होती आणि मी खडू पुरवत होतो.

एकही पेपर चुकला नाही. हे मी २२ एप्रिलला, परीक्षा संपल्यावर, इथेच भर घालून लिहितो आहे.

सोमवार, १ मे १९८९

झेंडावंदन आठला, त्यानंतर निकाल. आज मी एक शब्दही बोलणार नाही असं रमाला सांगून गेलो होतो.

सव्वाआठच्या सुमाराला फाटकातून खारवलीच्या मुली आल्या आणि त्यांच्या मागून पाच बायका. नवी लुगडी नेसलेल्या, पायांवर खाडीचा चिखल, एकमेकींचा हात धरून. त्यांच्या आया. दिपाने दोन खेपा करून आणलेल्या. यांतल्या एकीनेही ही शाळा आजवर पाहिलेली नव्हती. मुलींच्या बाकांवर त्या अंग चोरून बसल्या. गोदू दिपाच्या जागेवर, शेजारी धाकटी जिजा.

बाईंनी निकाल वाचला. सुनिता पास. बाकी तिघी पास. दिपा पास, गणितात एकसष्ट. आयांना टाळ्या वाजवायच्या की नाही कळेना, त्या दिपाकडे बघत होत्या. दिपा खाली बघून हसत होती. मी टाळ्या वाजवल्या नाहीत, माझं नाक वाहत होतं. अभिमान इतका वाटला की रमा तिथे हवी होती असं वाटलं.

सगळे उठू लागले तेव्हा गोदू जिजाचा हात धरून टेबलाशी गेली. आवाज लहान होता तिचा सुरुवातीला. "बाई, हिची चौथी झाली. हिचं नाव पाचवीत लिवा."

बाईंनी फॉर्म काढला. नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली. मग चश्म्यावरून बघत त्यांनी विचारलं, "पण दाजी तर थांबले. पुढची सगळी वर्षं हिला आणणार कोण?"

वर्गात पालक होते, दारात खारवलीचे ते दोन पंचही उभे होते. गोदूने मागे वळून त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"आमची दिपा हाय ना. होडी तीच चालवते."

बाईंनी ते फॉर्मवर लिहून घेतलं.